सहलीच्या गाडीला हात

लहानपणी मला सहलीची गाडी फक्त बाहेरून माहीत होती.

आमचं गाव सोनपेठ तालुक्यात. दिवाळी झाली की आमची टोळी ट्रकमध्ये बसून कोल्हापूरकडं ऊस तोडायला निघायची. मुकादम तोच, कारखाना तोच, त्यामुळं दरवर्षी आमच्या राहायच्या कोप्या जवळपास एकाच ठिकाणी पडायच्या. कोल्हापूरहून रत्नागिरीकडं जाणारा मोठा रस्ता, रस्त्याच्या कडेला एक निळी पाण्याची टाकी आणि टाकीमागं पाचटाच्या कोप्यांची ओळ. माय आणि वडील अंधारातच उसाच्या फडात जायचे. मी कोपीत राहून धाकट्या बहिणीला सांभाळायची. ती तेव्हा मांडीवरची होती. रडायला लागली की मी तिला कडेवर घेऊन रस्त्यापर्यंत जायची, कारण पळत्या गाड्या दिसल्या की ती गप्प व्हायची.

थंडी पडली की त्या रस्त्यानं सहलीच्या गाड्या सुरू व्हायच्या. लाल एसटी, पुढच्या काचेवर शाळेचा कागद चिकटवलेला, कधी झेंडूचा सुकलेला हार. गाडी दिसायच्या आधी गाणं ऐकू यायचं. मग खिडक्या यायच्या आणि प्रत्येक खिडकीत माझ्याच वयाची पोरं. ती मला हात करायची. मीही करायची. धाकटीचा पंजा धरून तिच्याकडूनही करवून घ्यायची. गाडी वळणाआड गेली की धुरळा खाली बसेपर्यंत आम्ही तिथंच उभ्या असायचो. मत्सर हा शब्द मला तेव्हा माहीत नव्हता. जेवलेलं असूनही भूक लागल्यासारखं व्हायचं, एवढंच कळायचं.

एकदा मी मायला विचारलं की या गाड्या कुठं जात असतील. ती मोळी बांधत होती. म्हणाली, "समुद्राला. ह्याच रस्त्यानं सरळ गेलं की समुद्र हाय म्हणं."

तिनं तो पाहिला नव्हता. टोळीतल्या कुणीच पाहिला नव्हता. आम्ही कितीतरी हिवाळे समुद्राच्या रस्त्यावर काढले, पण आमचा रस्ता फडापाशी संपत होता.

धाकटीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मीच हट्ट धरला. म्हटलं, आम्हा दोघींना गावातच ठेवा, मी स्वयंपाक करीन, तिला सांभाळीन, दोघींची शाळा नीट होईल. शेजारीच चुलत्याचं घर होतं, काकूचं लक्ष राहील असं ठरलं. वडील शेवटी तयार झाले. मी तेव्हा आठवीत जाणार होते. मला शाळा हवी होती हे खरं, पण मनात एक गोष्ट लपलेली होती. हायस्कूलची सहल हिवाळ्यात निघते आणि आता हिवाळ्यात मी गावात असणार होते.

सहल निघाली, दरवर्षी निघाली, आणि मी एकदाही गेले नाही. कुणी अडवलं असं म्हणता येणार नाही. धाकटीला रात्री एकटीला झोप यायची नाही. काकूकडं ठेवायचं म्हटलं तर ती माझ्या कुडत्याला धरून बसायची. पहिल्या वर्षी मी सरांना सांगितलं की पुढच्या वर्षी येते. दुसऱ्या वर्षी तिला गोवर निघाला. दहावीच्या वर्षी मी विचारलंच नाही. सहल परत आली की आठवडाभर वर्गात तेच चालायचं. कुणाला गाडी लागली, कोण कुणाच्या अंगावर ओकलं, कोणते सर झोपेत घोरत होते. एकीनं नुसतं "आवळासुपारी" म्हटलं की सगळ्या हसून लोळायच्या. मी पण हसायची, थोडी उशिरा. ज्या गमतीत आपण नव्हतो तिला हसणं फार अवघड असतं.

आता मी परभणीला कॉलेजात आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळं तिथं नीट काय बोलावं, कुठं बसावं हे मला अजून पुरतं जमत नाही. धाकटी काकूकडं राहते. ती आठवीत आहे, आणि मी होते त्यापेक्षा कितीतरी धीट.

गेल्या हिवाळ्यात तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा मला फोन आला. सहल कोकणात न्यायची ठरली होती. मुली असल्या की सोबत बाईमाणूस लागतंच, आणि शाळेतल्या एकुलत्या एक मॅडम बाळंतपणाच्या रजेवर होत्या. सर म्हणाले की तू याच शाळेची, गावातली, मुली तुझं ऐकतील. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधी मी हो म्हणाले. नंतर कळलं की सहलीला जाणाऱ्यांत धाकटीचं नाव सगळ्यात आधी होतं. ऊसतोडीच्या घरची ती एकटीच. बाकीची तशी पोरं आईबापांबरोबर फडावर गेलेली होती, नेहमीसारखी.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. तिला फडावरून काढून गावात ठेवायचं माझंच डोकं. आंब्याचं रोप आपणच लावावं आणि पहिला पाड लागल्यावर खाणाऱ्याकडं बघत बसावं, तसं मला झालं.

निघायच्या आदल्या दिवशी मी गावी आले. काकूनं धाकटीसाठी दशम्या केल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी कुटली होती, शंकरपाळ्यांचा डबा भरला होता. मायनं फोनवरून सांगून सोनपेठच्या बाजारातून तिच्यासाठी सँडल घ्यायला लावली होती. चंदेरी पट्ट्याची, टाचेला जरा उंच. धाकटी ती घालून ओसरीवर येरझाऱ्या घालत होती. शेजारपाजारच्या बायका येऊन तिच्या हातावर खाऊला पैसे ठेवत होत्या. एक म्हातारी माझ्याकडं वळून म्हणाली, "तू काय बाई, आता मास्तरीण झालीस." तिनं कौतुकानंच म्हटलं. मी हसले. माझा डबा काकूनं धाकटीच्याच पिशवीत घातला होता. दोघींचं एकच, म्हणाली.

संध्याकाळी मायचा फोन आला. वडिलांकडं एकच फोन आहे, तो रस्त्यावरच्या हॉटेलात चार्जिंगला लावतात, आणि उसाची गाडी भरून झाली की कधीतरी बोलणं होतं. मायनं आधी धाकटीला मागितलं. मी शेजारी बसून ऐकत होते. गाडी कोणत्या रस्त्यानं जाणार, हे तिनं तीन तीन वेळा विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूर, मग रत्नागिरीचा रस्ता. म्हणजे निळ्या टाकीवरूनच. माय तिथं येऊन उभी राहणार होती.

मग फोन माझ्याकडं आला. माय म्हणाली, "लहानी पहिल्यांदाच सहलीला जायलीय. तू संग हायेस म्हणून काळजी न्हाई." मी म्हटलं, हो, मी आहे. मीही पहिल्यांदाच चाललेय, हे शब्द ओठांपर्यंत आले होते. ते मायला सुचलं नाही यात तिची चूक नव्हती. ज्याच्या भरवशावर लेकरू सोडायचं, त्याचंही काही पहिलं असतं हे लवकर ध्यानात येत नाही.

मी सरांना विचारून घेतलं. ते म्हणाले की त्या रस्त्याला पुढं घाट आहे, तो उजेडी उतरायचा, त्यामुळं गाडी थांबवणं जमणार नाही. पण टाकीपाशी ड्रायव्हरला हळू करायला सांगतो. हेही खूप होतं. मायला ओळख पटावी म्हणून खिडकीच्या गजाला माझी पिवळी ओढणी बांधायची असं ठरलं. ती ओढणी मायनंच मागच्या हंगामात कोल्हापूरच्या बाजारातून आणली होती, लांबूनही डोळ्यात भरेल अशी.

त्या रात्री मी स्वतःशी एक गोष्ट ठरवली. समुद्र दिसो न दिसो, पण त्या निळ्या टाकीपाशी मी खिडकीत असणार. ज्या जागी उभी राहून मी सगळ्या शाळांना हात केला, त्या जागेवरून मायनं एकदा तरी मला सहलीच्या खिडकीत बघावं. धाकटीच्या मागं दिसले तरी चालेल, पण बघावं.

सकाळी गाडीपुढं नारळ फुटला, पोरांनी जयजयकार केला आणि आम्ही निघालो. मला दारापाशी पहिली जागा मिळाली. पायाशी पाण्याचा कॅन, मांडीवर कॅरीबॅगचा गठ्ठा, खिशात लिंबं. परळी मागं पडायच्या आधीच तिघींना गाडी लागली. मी इकडून तिकडं जात होते, कुणाची पाठ चोळत, कुणाला लिंबू देत. मागं गाणी सुरू झाली. मला त्यातली सगळी पाठ होती, सहलीला न जाता पाठ झालेली. म्हणावं का, असं दोनदा वाटलं. पण मी पुढं बसलेली, मुली मला मॅडम म्हणायला लागलेल्या. धाकटीही. "मॅडम, पाणी," म्हणून तिनं बाटली पुढं केली आणि तिच्या मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. मीही हसले असते, पण माझा चेहरा तोवर मॅडमचा झाला होता.

कोल्हापुरात मुक्काम करून सकाळी आम्ही अंबाबाईच्या देवळात गेलो. गाड्या लावायच्या जागी लाल एसट्याच एसट्या. कुठली लातूरची, कुठली जालन्याची, कुठली नांदेडची. सगळ्यांवर शाळांचे कागद, सगळ्यांतून तोच गोंगाट. आपली गाडी कोणती हे पोरांना कळावं म्हणून सरांनी पिवळ्या ओढणीचीच खूण सांगितली. दर्शन झालं, आम्ही वेळेत बाहेर आलो, आणि धाकटीची सँडल सापडेना.

तिनं ती चप्पल-स्टँडवर ठेवली नव्हती. कुणी नेईल म्हणून पायरीच्या आडोशाला, पोत्याखाली लपवून ठेवली होती. बाजारातल्या नव्या वस्तूला आमच्याकडं असंच जपतात, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. आता पोतंही नव्हतं आणि सँडलही नव्हती. ती अनवाणी उभी राहून रडत होती. बाकीची पोरं गाडीत जाऊन बसली होती. मी आणि ती एकेक पायरी, एकेक दुकान शोधत फिरलो. शेजारची एक गाडी निघाली, मग दुसरी. त्यांतल्या मुली खिडक्यांतून ओरडत, गात आमच्यासमोरून गेल्या आणि रत्नागिरीच्या रस्त्याला लागल्या. मी वडिलांना फोन लावत होते. बंद होता.

मला तिची दया यायला हवी होती. मी तिच्या पायांकडं बघत होते आणि वाटत होतं, मला कुणी अशी सँडल घेतली असती तर मी लपवली नसती, पायातून काढलीच नसती.

शेवटी एका फुलवालीनं हाक मारली. तिनंच ते पोतं तिचं समजून उचललं होतं, आणि सँडल टोपलीखाली जपून ठेवली होती. धाकटीनं ती छातीशी धरली. आम्ही गाडीत चढलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. सरांनी घड्याळाकडं बघितलं फक्त.

शहर मागं पडलं आणि ऊस सुरू झाला. दोन्ही बाजूंनी, डोक्याच्या वर. मला प्रत्येक वळण ओळखू येत होतं. धाकटीला काहीच आठवत नव्हतं, तिनं त्या रस्त्याचं सगळं लहानपण माझ्या कडेवर काढलं होतं. मी पुढची जागा सोडून तिच्या सीटजवळ गेले. तिच्या मैत्रिणीला पुढं पाठवलं आणि तिच्या शेजारी बसले. ती खिडकीत होती. ओढणी गजाला बांधलेली, वाऱ्यानं फडफडत होती.

मी हळूच विचारलं, "जरा मला खिडकीत बसू देतीस का? टाकीपुरतं."

"आक्का, माय मला बगायला येणारंय," ती म्हणाली. "अन् तू तर मोठी हायेस."

मॅडम म्हणून सांगितलं असतं तर ती उठली असती. पण तसं मागून घेतलेल्या खिडकीत बसून मायला हात करायचा, ते मला नको होतं. मी तिच्या खांद्यावरून मान पुढं काढली. एवढ्या जागेत मावेल तेवढा चेहरा मावला तरी पुरे, असं मनाला समजावलं.

टाकी आली. रंग उडाला होता, पण निळीच होती. सरांनी सांगितल्याप्रमाणे ड्रायव्हरनं गाडी अगदी हळू केली, बैलगाडी चालावी तशी. धाकटी गजाला नाक लावून बसली होती.

टाकीपाशी कुणीच नव्हतं.

वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, एक भारा रस्त्याच्या कडेला टेकवून ठेवलेला होता, कुणीतरी त्यावर बसून उठून गेल्यासारखा मधे दबलेला. टाकीमागं कोप्या होत्या, एका कोपीपुढं लुगडं वाळत होतं. त्यापलीकडं फडात बायका वाकून ऊस तोडत होत्या. लांबून नुसत्या पाठी दिसत होत्या, आणि कोयत्यांचे आवाज गाडीच्या आवाजात बुडाले होते. त्यांतली एक पाठ मायची असणार. कोणती, ते कळलं नाही. धाकटीनं दोन्ही हात गजांतून बाहेर काढले आणि "माय" म्हणून एकदा जोरात हाक मारली. कुणी मान वर केली नाही. ओढणी फडफडत राहिली. ड्रायव्हर किती वेळ हळू चालणार? गाडीनं वेग घेतला.

मागच्या पोरांनी गाणं थांबवलं होतं. थोड्या वेळानं धाकटी उठली, डोळे बाहीला पुसले आणि म्हणाली, "घे आक्का, बस तू खिडकीत."

मी बसले. घाट लागेपर्यंत, घाट उतरेपर्यंत मी खिडकीत होते. झाडी सुंदर होती, असं सगळे म्हणत होते.

संध्याकाळी आम्ही समुद्रावर पोचलो. मी ज्याची इतकी वाट बघितली, तो पाहिला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत इतरांच्या चपला होत्या. सरांनी बजावलं होतं की गुडघ्याच्या वर पाण्यात कुणाला जाऊ द्यायचं नाही. मी काठावर उभी राहून नावं घेऊन ओरडत होते. धाकटी पहिल्या लाटेला घाबरून पळाली, दुसरीला उभी राहिली, तिसरीला तर तिनं पाठ दिली आणि भिजून किंचाळली. दुपारचं सगळं ती विसरली होती. तेरा वर्षांच्या माणसाला ते जमतं. चंदेरी सँडल माझ्याकडं होती. मी वाळूत तिची पावलं बघत होते, भरून येत होती, पुसली जात होती, आणि मला तिचं विसरणंसुद्धा तिच्याकडून घ्यावंसं वाटत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. वडिलांचा नंबर. मी चपला वाळूत ठेवल्या. वाऱ्यामुळं ऐकू येईना म्हणून फोन स्पीकरवर टाकला. माय होती. मला वाटलं ती रडेल, किंवा विचारेल की तुमी आला का न्हाईत. माझं उत्तर तयार होतं, सँडलचं, उशिराचं.

पण मायचा आवाज हसरा होता.

"दिसल्या गं मला दोगी बी," ती म्हणाली. "सकाळधरनं उभी व्हते. ज्या त्या लाल गाडीला हात करायले, टोळीतल्या बाया हसायल्या मला. मग आली तुमची गाडी. ओढणी न्हाई दिसली कुठं. पण आपली लेकरं वळखायला ओढणी कशाला लागती?"

धाकटी पाण्यातून येऊन माझ्याजवळ उभी राहिली होती, केसांतून पाणी गळत होतं. तिनं ऐकलं.

माय सांगत राहिली. लहानी पुढच्या खिडकीत होती, तिनं नुसता हात केला, लाजली असंल. "अन् तू मागच्या खिडकीत. केस मोकळे सोडले व्हतेस. लय हसायली व्हतीस बाई. दोन्ही हातानं टाटा करायली व्हतीस मला. एवढी हसताना मी तुला कवा बघितलीच न्हाई. मग म्हनलं आता जीव गार झाला, अन् गेले फडात."

समोर सूर्य पाण्याला टेकला होता आणि सगळ्या मुली तिकडं बोट दाखवत होत्या. मी तो बुडताना पाहिला नाही. मी त्या मुलीचा विचार करत होते. लातूरची, जालन्याची, कुठली कोण. देवळाच्या पायऱ्यांवर आम्ही सँडल शोधत असताना आमच्यासमोरून निघून गेलेल्या गाडीतली एखादी. तिनं सहज हात केला असेल, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका बाईला, जशी पोरं मला करायची. आणि सकाळपासूनची मायची सगळी वाट तिच्या एकटीच्या पदरात पडली. मला धाकटीचा हेवा वाटला होता, तिच्या डब्याचा, तिच्या सँडलचा. पण असा जीव जळावा इतका हेवा मी आजवर कुणाचा केला नव्हता. तिला माहीतही नव्हतं की तिला काय मिळालं.

"आयकू यायलंय का?" माय म्हणाली. "तुला बी दिसले ना मी?"

खरं सांगावं असं वाटत होतं. तेवढ्यात धाकटीनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"दिसलीस की माय," ती म्हणाली. "आक्कानंच तुला आदी बगितलं. आक्का तर खिडकीतनं पडायली व्हती, सर वरडले तिला."

माय तिकडं हसली. इतकं की शेजारच्या बायकांना सांगायला लागली. धाकटीनं फोन मला परत दिला, माझ्याकडं न बघता सँडल उचलली आणि ओल्या पायांनी वाळूतून निघून गेली. ती माझ्यासाठी खोटं बोलली होती. परतीचा रस्ता चिपळूणवरून होता, दुसऱ्या घाटानं. टाकी पुन्हा लागली नाही.

होळीच्या सुमारास टोळी परत आली. माय काळवंडली होती, नेहमीसारखी, हातांना चिरा पडलेल्या. मी सुट्टीला गावी गेले तर ती ओसरीवर काकूला आणि शेजारच्या बायकांना सहलीची गाडी सांगत होती. आता त्या गोष्टीत भर पडत चालली होती. लहानीच्या हातात केळं होतं. गाडीत गाणं चाललं होतं आणि ते मोठीच म्हणत होती, सगळ्यांच्या वर तिचा आवाज. वाऱ्यानं केस सारखे तोंडावर येत होते आणि ती ते मागं सारून पुन्हा हात करत होती. काकू माझ्याकडं बघून म्हणाली, ही? ही तर तोंड उघडत न्हाई. माय म्हणाली, तुमाला काय माहीत.

मी उंबऱ्यात उभी होते. पोटात ते जुनं, जेवल्यावरही भूक लागल्यासारखं, सुरू झालं होतं. धाकटी शेंगा फोडत बसली होती, तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. त्या मुलीला मी कधी भेटणार नाही. ती कुठल्या कॉलेजात जाईल, तिची आई काय करते, मला कळणार नाही. पण मायच्या बोलण्यात तिला माझं नाव होतं.

मी जाऊन मायजवळ बसले. तिनं बोलता बोलता माझ्या डोक्यावरचे केस मागं सारले.

"मग?" मी विचारलं. "आणखी काय काय करायली व्हते मी?"

माय सांगायला लागली.